कानशीनं घासलेलं बिट

नवं कोरं बिट मी कानशीनं घासलं. चुकून नाही की घाईतही नाही. खुर्चीत नीट बसून, चष्मा लावून, मांडीवर वर्तमानपत्र अंथरून, मन लावून घासलं. टोक सुईसारखं झालं, आतलं तांबं लालसर चमकायला लागलं, तेव्हा बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं आणि म्हणालो, "बघ, याला म्हणतात हात."

तिनं पदराला हात पुसत बघितलं. "काम झालं का?" एवढंच विचारलं.

काम व्हायचं होतं. आणि आता ते होणार नव्हतं, हे मला अर्ध्या तासानं कळलं.

बिट म्हणजे सोल्डरिंगच्या आयर्नचं पुढचं टोक. ते तापतं, त्यानं कथील वितळतं आणि त्या कथलानं वायरी जोडल्या जातात. मी शिकलो तेव्हा हे टोक निव्वळ तांब्याचं, करंगळीएवढं जाड असायचं. चार दिवस वापरलं की त्याला खड्डे पडायचे. मग कानस घ्यायची आणि घासून पुन्हा धार काढायची. आमच्या पिढीतल्या हौशी लोकांनी रेडिओ किती दुरुस्त केले ते विचारू नका, पण बिटं मात्र हयातभर घासली. रविवारी सकाळी एकेकाच्या गॅलरीतून तो किसण्याचा आवाज यायचा. कानस फिरवली की आपण काहीतरी तांत्रिक करतोय असं वाटतं, आणि तेवढ्यात जेवायची वेळ होते, म्हणजे रेडिओ उघडावा लागत नाही.

नवीन बिटांची गोष्ट वेगळी. ती बारीक असतात आणि त्यांच्या तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवलेला असतो. बिटाचं सगळं आयुष्य त्या थरात. कानस लावली की तो गेला. मी तो घालवला, वर उघड्या तांब्याला तसंच तापत ठेवून चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर टोक काजळीसारखं काळं. कथील लावावं तर त्याची गोळी होऊन टेबलावरून घरंगळत जाई. पुन्हा घासलं. पुन्हा काळं. तिसऱ्यांदा घासल्यावर सुईचा हरभरा झाला, तेव्हा मी थांबलो.

आता यातली खरी शरमेची गोष्ट सांगतो. मी त्या वेळी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथं टीव्हीचे सुटे भाग बनत, आणि लाइनवर बसून दिवसभर सोल्डरिंग करणाऱ्या पन्नासेक बायका होत्या. त्यांना बिटं कोण देत असे? मी. माझ्या खिडकीचा नियम होता, जुनं बिट आणून दाखवायचं, मगच नवं मिळणार. मी ते जुनं चिमटीत धरून उजेडाकडे करून बघायचो, जसा काही मला त्यातलं कळत होतं, आणि म्हणायचो, "खाता का काय बिटं? परवाच तर नेलं होतं." बाई काहीतरी बोलायची. मी रजिस्टरात मान घालून तिचा टोकन नंबर लिहायचो.

असा हा बिटांचा जाणकार शुक्रवारी संध्याकाळी घरी कानस घेऊन बसला होता, आणि समोर होतं सासऱ्यांचं कानाचं मशीन.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, बायको आप्पा. पोलीस ॲक्शनच्या साली ते गावच्या शाळेत चौथीत होते, पुढं कापसाच्या जिनिंगमध्ये काम करता करता दोन्ही कान गेले. शर्टाच्या खिशात काड्यापेटीएवढी डबी, तिच्यातून निघालेली बारीक वायर आणि वायरीच्या टोकाची गुंडी कानात, असं ते मशीन होतं. मशीन चालू असलं की मामा गावातले सगळ्यात हुशार गृहस्थ. बंद असलं की सगळ्याला मान डोलावणार, कारण पुन्हा पुन्हा "काय?" म्हणायची त्यांना लाज वाटे. त्या दिवशी एसटीतून उतरताना गर्दीत कुणाचा तरी हात वायरीत अडकला आणि डबीच्या आतला कथलाचा टाका सुटला.

दुसरा कुठला दिवस असता तर चाललं असतं. पण रविवारी आमच्याच घरी बैठक होती. माझी धाकटी मेहुणी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षेला चार महिने उरले होते. स्थळ चांगलं होतं, मुलगा तिलाही पसंत होता. तिनं वडिलांकडून एकच शब्द घेतला होता, परीक्षा झाल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही. मामांनी तो शब्द दिला होता. पण शब्द दिला तरी तो बैठकीत बोलून दाखवायला लागतो, आणि बोलायला आधी समोरचे काय म्हणतात ते ऐकू यावं लागतं.

न ऐकू आल्यास काय होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामांचे एक चुलत भाऊ होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. हा मनुष्य प्रत्येक बैठकीत मामांच्या शेजारची जागा पकडायचा. समोरचे काही बोलले की हे परस्पर "व्हय, व्हय, चालतंय की" म्हणून टाकायचे, आणि मग मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "ठरलं बरं का, दादा!" काय ठरलं ते मामांना घरी गेल्यावर कळायचं. आयुष्यात स्वतःचं एकही काम धड न केलेला माणूस दुसऱ्याच्या लेकीचं लग्न किती चटकन उरकतो, हे बघायचं असेल तर आमच्या काकांना बघावं.

मशीन विकणाऱ्या दुकानात मी शुक्रवारीच जाऊन आलो होतो. काउंटरवरच्या टायवाल्या गृहस्थानं डबी हातातसुद्धा घेतली नाही. "पुण्याला पाठवावं लागेल. पंधरा दिवस." मी म्हणालो, "एक टाका सुटलाय फक्त." तो म्हणाला, "ते पुण्यातच बघतील." एक टाका बघायला पुण्याला जावं लागतं, असलं हे शहर आणि असला हा टाय! मी तिरीमिरीत बाहेर पडलो आणि घरी येऊन जाहीर केलं की पाच मिनिटांचं काम आहे, मीच करतो.

मामांना हे पाटीवर लिहून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "जावईबापू हायेत म्हनल्यावर काय काळजी नाय." बायको तिथंच उभी होती. ती हसली नाही.

शनिवारी रजा टाकून मी बिट शोधायला निघालो.

कुणी म्हणेल, स्टोअरकीपरला बिट शोधावं लागतं? पण कारखान्याचे आयर्न वेगळे, त्यांच्या बिटांची दांडी जाड. ती माझ्या आयर्नमध्ये शिरत नव्हती. शिरली असती तर मी किती प्रामाणिक राहिलो असतो हा वेगळा विषय आहे.

पैठण गेटच्या पहिल्या दुकानदारानं माझं हरभरा झालेलं बिट पाहिलं आणि म्हणाला, "पूरा नया आयर्न ले लो ना साब." बिट नाही का? "बिट कोई रखता नही." दुसऱ्याकडे जाडजूड होती, कढईचे कान जोडायच्या लायकीची. तिसऱ्यानं मात्र गल्ल्यावरून उठून, आतून एक चकचकीत पाकीट आणलं. "इंपोर्टेड," तो म्हणाला. ज्याच्या दुकानात धड बॅटरी मिळत नाही त्याच्याकडे इंपोर्टेड बिट मिळतं, याचा मला संशय यायला हवा होता. आला नाही. चकचकीत वस्तू दिसली की माझी अक्कल पिशवीत जाऊन बसते. वर मी त्याला सुनावलं, "हे असं ठेवावं दुकान. बाकीचे नुसते खोके विकतात." तो हात जोडून हसला. आता आठवलं की ते हसणं काय होतं ते कळतं.

घरी आलो, बिट बसवलं. या वेळी कानस लावली नाही, म्हणजे शहाणपण आलं होतं. मशीनच्या डबीला हात लावण्याआधी जुन्या वायरीवर सराव केला. चौथ्या टाक्याला टोकावरची चकाकी सालीसारखी निघून आली आणि आत खड्डा पडला. बायको दारातून म्हणाली, "अहो, छावणीत ते रेडिओवाले चाचा बसतात ना? त्यांच्याकडे जा. आणि काही सांगत बसू नका, फक्त विचारा."

छावणीच्या बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक बल्ब आणि पोट उघडे पडलेले पंधरा-वीस रेडिओ. मी दोन्ही बिटं त्यांच्यापुढं ठेवली. चाचांनी आधी हरभरा उचलला, डोळ्याजवळ नेला.

"कानस मारे क्या इसकू?"

"थोडी मारी."

"थोडी," चाचा म्हणाले. मग त्यांनी टेबलाखालून एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि माझं इंपोर्टेड बिट त्याला लावलं. बिट घसरून खाली पडलं. मग स्वतःच्या आयर्नचं थंड बिट लावलं. ते टक्कन चिकटलं.

"लोखंड है तो चिपकता. ये नुस्ता तांबा है, ऊपर से पॉलिश. सरपे सेहरा बांधे तो कोई भी दूल्हा दिखता मियां."

मी म्हणालो, "चाचा, मग तुम्हीच एक टाका मारून द्या." आणि मशीनची डबी उघडून दाखवली.

त्यांनी बघितलं आणि मान हलवली. "नक्को. मेरी नजर अब इत्ती बारीक नै चलती. किसी के कान का मामला है, बिगाडूंगा नै." मग त्यांनी एका पत्र्याच्या डबीतून बारीक बिट काढलं, चुंबकाला लावून दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. मला आनंद झाला. तो त्यांनी फार वेळ टिकू दिला नाही. "पर तुम मत करो. जिसकू आता उसकू दो. कां काम करते तुम?"

मी कारखान्याचं सांगितलं.

"वां तो औरतां करते ना ये काम? दिनभर?"

"हो."

"फिर यां कायकू आए?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. पन्नास बायका रोज डोळ्यांसमोर हे काम करत होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीला विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात त्या बिटं खात होत्या.

लाइनवर एक बाई होती, जिला सुपरवायझर नेमकं नाजूक काम द्यायचा. ती मुकुंदवाडीला राहते एवढं मला ठाऊक होतं, कारण कंपनीची बस तिला स्टेशनच्या वळणावर उतरवायची. संध्याकाळी साडेपाचला मी तिथं जाऊन उभा राहिलो. हातात पिशवी, पिशवीत आयर्न, खिशात सासऱ्यांचा कान. बस आली. ती उतरली आणि मला बघून दचकली.

"काय ओ स्टोअरवाले भाऊ? माझं कायतरी राह्यलं का जमा करायचं?"

"नाही, नाही. जरा काम होतं. घरचं."

तिच्या घरी तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. सासू निवडत असलेली मेथी बाजूला सारून तिनं जागा केली. मी मशीनचं सांगितलं. इंपोर्टेड बिटाची फजिती झाकायची म्हणून कानशीचंही सांगून टाकलं, वाटलं एवढ्यावर भागेल. तिनं हरभरा बघितला, आणि तो हुबेहूब माझ्यासारखा चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"काय भाऊ, खाल्लं का काय?"

सासू तोंडाला पदर लावून हसली. मी पाणी पीत राहिलो. पेला रिकामा झाला होता तरी पीत राहिलो.

मग तिनं चाचांचं बिट बसवलं आणि कामाला लागली. बिट तापायला लागल्या क्षणी, काळं पडायच्या आत, तिनं टोकावर कथील फिरवलं. टोक चांदीसारखं झालं. एक चिंधी ओली करून चौपदरी घडी घातली आणि टोक त्यावर एकदा अलगद पुसलं. चर्र झालं. डबीत वाकून बघितलं. आधी टोक टेकवलं, मग कथलाची तार लावली, एक, दोन, आणि उचललं. एवढंच. माझ्या दोन दिवसांचं काम तिनं मेथीच्या जुडीला हात लावायच्या आधी संपवलं. बंद करतानाही तिनं टोकावर कथलाचा एक थेंब ठेवला.

मी म्हणालो, "हा पुसायचा राहिला."

"पुसायचा नाय. झोपताना पांघरूण लागतंय त्याला. उघडं झोपवलं की सकाळी काळं."

मला शांत बसता आलं असतं. पण मी स्टोअरकीपर होतो. म्हणालो, "एवढं जपता, तरी तुमच्या लाइनला बिटं इतकी का लागतात हो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आयर्नची वायर गुंडाळत म्हणाली, "दिवाळीपासनं तुमीच तर दुसरीकडून आणायला लागले. ती चुंबकाला चिकटत बी नाय. चार दिसांत साल निघतंय. जुनी होती तवा म्हैना म्हैना जायची."

दिवाळीत मी स्वस्तातला नवा पुरवठादार शोधला होता. त्याबद्दल मॅनेजरनं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती.

"मग सांगायचं ना कुणीतरी," मी म्हणालो.

"सांगितलं की. खिडकीत येऊन दोनदा सांगितलं. तुमी लिहीत व्हता."

रविवारी सकाळी अकराला पाहुणे आले. मामा शर्टाच्या खिशात डबी घालून भिंतीला टेकून बसले. काकांनी सवयीनं शेजारची जागा धरली. यादी लिहायला कागद-पेनही त्यांच्याच हातात होतं. चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी तारखेचं काढलं. मामा म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय. परीक्षा झाल्याबिगर नाय." मुलाचे वडील "बघू की" म्हणाले, आणि मुलाचे मामा काकांकडे झुकून हळूच म्हणाले, "परीक्षेचं काय घेऊन बसलात? पुढच्याच महिन्यातली तिथी लिहा. एकदा कुंकू लागलं की कोन जातंय पेपर लिव्हायला."

काकांनी डोळा बारीक केला. "व्हय, व्हय, चालतंय की." आणि पेन टेकवलं. मग मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "ठरलं बरं का, दादा!"

मामा एवढे दचकले की कानातली गुंडी काढून हातात धरली. मग ती पुन्हा नीट बसवून म्हणाले, "हळू बोल. सगळं ऐकू येतंय मला. यांचं बी आलं." त्यांनी मुलाच्या मामांकडे बोट केलं. "पाव्हणं, कुंकवानं पेपर बंद व्हत आसंल तर आपल्याला कुंकू नगं."

स्वयंपाकघराच्या पडद्यामागं माझी मेहुणी उभी होती. पडदा हलायचा थांबला होता. मुलाचे वडील तसे बरे गृहस्थ निघाले. त्यांनी आपल्या मेहुण्याकडे असं बघितलं की तो पोह्यांच्या रिकाम्या बशीत काहीतरी शोधायला लागला. मग ते म्हणाले, "लिहा, परीक्षेनंतर. पहिल्या ओळीत लिहा." काकांनी लिहिलं. अक्षर फार वाईट आलं, पण वाचता येत होतं.

जाताना मुलाच्या वडिलांनी मशीनचं कौतुक केलं. इतकं लांबचं पकडतं म्हणजे भारी असणार, म्हणाले. मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी म्हणालो, "मुकुंदवाडीच्या एका बाईंनी दुरुस्त केलंय." एवढं खरं मी फार दिवसांत बोललो नव्हतो. त्यामुळे मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं, आणि त्या भरात, पाहुणे गेल्यावर, भांडी आवरताना मी बायकोला उरलेलंही सांगून टाकलं. दिवाळीची बिटं, मॅनेजरची पाठीवरची थाप, खिडकीत येऊन दोनदा सांगणारी बाई, सगळं. मनाचा मोठेपणा म्हणून ती काहीतरी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती.

ती बशी विसळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती समोर उभं राहून सांगत होती."

"हो."

"आणि तुम्हाला ऐकू आलं नाही."

मी फडक्यानं बशी पुसायला घेतली.

"आप्पांचं बरं आहे," ती म्हणाली, "त्यांचं मशीननं तरी भागतं."